मे महिन्यात पंचवीस माणसांचं रानातलं जेवण: कोल्हापुरात बेत कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला दीड वर्ष झालंय, नवरा-बायको दोघंही नोकरीला, राहायला कोल्हापुरात. मे महिन्यातल्या एका रविवारी सासर, माहेर आणि दोघांचे मित्र-मैत्रिणी मिळून पंचवीसेक जणांना बाहेर जेवायला न्यायचंय. हॉटेल नको. पन्हाळ्यावर न्यावं की कुणाच्या रानात? मटण किती लागेल? काय काय चुकू शकतं?

रानात न्या. आणि बेत वळवाची वेळ धरून बांधा. उन्हावर सावलीचा उतारा असतो, वळवावर काही नसतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये सकाळ कोरडी ठणठणीत असते, दुपारी दोनपर्यंत घाम निथळतो आणि तीननंतर आभाळ भरायला लागतं. आधी वारा सुटतो, धूळ उडते, मांडलेल्या पत्रावळ्या पळतात, मग टपोरे थेंब आणि कडकडाट. रोज होत नाही, पण ज्या दिवशी होतं त्या दिवशी अर्ध्या तासात सगळा पसारा भिजतो. म्हणून चार वाजता शेवटची गाडी डांबरी रस्त्यावर असली पाहिजे असं ठरवा आणि तिथून घड्याळ मागं मोजत या. तीनला आवराआवर, एकला दुसरी पंगत, बाराला पहिली, साडेआठला चुलीवर पातेलं, सहाला मटणाच्या दुकानात. 'अकरापर्यंत जमू, मग बघू' असं ठरलं की जेवायला अडीच वाजतात आणि सुकं मटण ताटात पडायला आणि पाऊस पडायला एकच गाठ पडते.

पन्हाळा का नको? पन्हाळा शहरापासून वीस किलोमीटर, उंचीनं चारेकशे मीटर जास्त, त्यामुळं हवा दोन-तीन अंशांनी थंड. फिरायला उत्तमच. पण गडावर चूल मांडायची नसते. संरक्षित वास्तू आहेत, २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहेत, आणि दुसरं कारण जास्त तातडीचं: कड्यांना आणि मोठ्या झाडांना आग्या मोहोळं असतात. खालून धूर गेला की माश्या उठतात आणि मग म्हातारी माणसं पळू शकत नाहीत. पन्हाळ्याला जायचंच तर वेगळ्या दिवशी सकाळी सातला जा, तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी बघा, तिथल्या बायकांकडची गरम झुणका-भाकरी खा आणि अकराला खाली या. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार मेमध्ये कुणालाच सुचवू नये, सावलीला झुडूप नाही.

रान निवडताना नुसतं आंब्याचं झाड आहे एवढ्यावर जाऊ नका. चार गोष्टी बघा. वापरता येईल असा संडास. बायका-मुलं सात तास तिथं असणार, हे कुणी आधी बोलत नाही आणि तिथंच सहल बिघडते. पाऊस आला तर पंचवीस माणसं आत उभी राहतील असं पक्कं घर. डोक्यावरच्या फांद्यांत मोहोळ नाही ना, हे आदल्या आठवड्यात वर मान करून बघायचं. आणि वाट. काळ्या रानातली गाडीवाट कोरडी असताना डांबरासारखी वाटते. त्यावर पंधरा मिनिटं वळीव पडला की चाक रुततं आणि जितका ॲक्सिलेटर द्याल तितकं खाली जातं. गाड्या पक्क्या रस्त्यालगत लावा, तोंड बाहेर करून. शेवटचे दोनशे मीटर चाललेलं बरं. म्हाताऱ्यांना आणि पातेल्यांना तेवढं आत सोडून गाडी परत बाहेर आणायची.

वाराचा प्रश्न आपल्याकडं नाजूक. रविवार सुट्टीचा म्हणून मटणाचा, पण तोच जोतिबाचा वार. घरात कुणी रविवार पाळतं का हे दोन्हीकडं विचारा, कारण जी सासू किंवा मामा पाळतात ते गप्प बसून दही-भात खातात आणि पुढं वर्षभर बोलतात. संकष्टी, एकादशी कॅलेंडरवर बघून घ्या. दोघांच्या गावची यात्रा किंवा म्हाई त्याच दिवशी पडत नाही ना, हेही बघा. यात्रेच्या मटणापुढं तुमच्या बेताला कुणी येणार नाही, आणि यावंही का! २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. काही घरांत अधिकात मटण बंद असतं, शिवाय तो धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला सासरचं जेवण ठरलेलं. ते पुरणाचे धोंडे आणि हा रानातला बेत एकत्र करू नका. एकाचा मान दुसऱ्यात विरतो. अधिकात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळं आचारी, भांडी, मांडवाचं सामान सहज मिळतं, एवढा फायदा घ्या.

बोलावणं व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही. मित्रांना चालतं. वडीलधाऱ्यांना फोनच करा, आणि प्रत्येकानं आपल्याच घरच्यांना नव्हे, जावयानं सासऱ्यांना आणि सुनेनं सासूबाईंना. मित्रांकडून कॉन्ट्री काढलीत तरी घरच्यांसमोर हिशेब उघडू नका.

आता मटण. पंचवीसांत चार शाकाहारी आणि पाच लहान मुलं धरली तर मोठे खाणारे सोळा. माणशी पाव किलो कच्चं, मुलांना निम्मं: साडेचार किलोच्या थोडं वर होतं, पाच आणा. मांडी, खांदा, चाप मिसळून, आणि नळ्या व मानेचा भाग मुद्दाम मागून घ्या; रस्स्याची चव त्यातून उतरते. नुसतं मऊ मांस घेतलं तर सुकं भारी होतं आणि पांढरा रस्सा पाण्यासारखा. रविवारी सातनंतर दुकानासमोर रांग लागते, म्हणून सहाला जा. मटण काळ्या पिशवीत घालून डिकीत ठेवायचं नाही. स्टीलचा डबा, तो बर्फाच्या खोक्यात, आणि तिथून थेट पातेल्यात.

पाच किलो मटणाला अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, अकरा-बारा लिटरच्या वर काढू नका. इथंच जास्त लोक चुकतात: ऐनवेळी पाच माणसं वाढली की तांब्यानं पाणी ओततात. रस्सा वाढतो, चव वाढत नाही. माणशी पाव लिटर पांढरा आणि पाव लिटर तांबडा धरला तर दोन्ही प्रत्येकी पाच-साडेपाच लिटर, म्हणजे हिशेब बरोबर बसतो. माणसं वाढली तर भात वाढवा, अख्खा मसूर वाढवा.

पातेलं पंचवीस लिटरचं घ्या. तेलात तमालपत्र, चार लवंगा, दालचिनी, मग आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण परतायचं, मटण टाकून पंधरा मिनिटं आपल्याच पाण्यात शिजू द्यायचं. हळद घालू नका, नाहीतर पांढरा पिवळा होतो. सुक्याला नंतर घाला. मीठ शंभर ग्रॅम. (नाव अळणी असलं तरी मीठ असतंच, फक्त कमी, हीच अळणी तिन्ही पदार्थांत जाणार आणि आटणार, म्हणून उरलेलं शेवटी.) झाकणाच्या ताटात पाणी ठेवा. ते तापलं की तेच आत ओतायचं आणि ताट पुन्हा भरायचं. उकळत्या मटणात गार पाणी गेलं की उकळी मोडते आणि शिजायला वेळ लागतो. कोवळं बोकड तासा-सव्वातासात होतं, जून असेल तर दोन तास. नळीवरचं मांस बोटानं सुटलं की खाली उतरवा. मुलांसाठी आणि तिखट न सोसणाऱ्यांसाठी लिटरभर अळणी आणि काही तुकडे आत्ताच बाजूला काढून ठेवा. अळणी-भातावर मुलं खूश असतात.

तांबड्याला पाच किलोच्या हिशेबानं कांदा-लसूण चटणी पाव किलो, कांदे दोन किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, आलं दोनशे ग्रॅम, लसूण तीनशे, कोथिंबीर तीन जुड्या, तेल सगळं मिळून एक लिटर. कांदा-खोबऱ्याचं वाटण आदल्या रात्री करून गोठवा आणि बर्फातून न्या. ताजं वाटण मेच्या उन्हात गाडीत दोन तास राहिलं की आंबूस वास सुटतो. फोडणीत चटणी टाकताना गॅसवरची सवय विसरा. चुलीचा जाळ बटण फिरवून कमी होत नाही. लाकडं बाहेर ओढा, पातेलं बाजूला घ्या, तेल जरा निवू द्या, चटणी टाका आणि लगेच पळीभर अळणी. चटणी करपली तर रस्सा काळा आणि कडू होतो, त्यावर इलाज नाही, गूळ घालून तर मुळीच नाही. तर्री वर यायला वीस मिनिटं बारीक उकळी लागते. घाईत मोठा जाळ केला की तेल आतच फिरत राहतं.

पांढरा सगळ्यात शेवटी, पंगत बसायच्या अर्धा तास आधी. पाच नारळांचं दूध, खसखस आणि पांढरे तीळ पंचाहत्तर-पंचाहत्तर ग्रॅम, काजू शंभर ग्रॅम, हे भिजवून गंधासारखं बारीक वाटलेलं. हेही घरूनच वाटून आणा, रानात मिक्सर चालेल याची खात्री धरू नका. दूध बाटलीत गोठवून नेलंत तर वितळताना थर वेगळे होतात. हलवून घ्या, बिघडलेलं नसतं. साडेतीन लिटर अळणी गाळून उकळा, त्यात वाटण, मिरी-लवंग-वेलदोड्याची तुपातली फोडणी, दहा मिनिटं. मग जाळ ओढून घ्या आणि निखाऱ्यावर दूध सोडा, एका हातानं सारखं ढवळत. कडेनं बुडबुडे यायला लागले की उतरवा. खदखदली उकळी आली की दूध फुटतं, वर तेलकट आणि खाली कणीदार. फुटलेला पांढरा चवीला खाता येतो, पण पाहुण्यांपुढं ठेवायला लाज वाटते.

भाकरीचं आधीच ठरवा. सरासरी माणशी दोन धरल्या तर पन्नासेक लागतात, किलोच्या पिठात दहा-बारा होतात, म्हणजे साडेचार-पाच किलो पीठ. दोन बायका दोन तास तव्यापुढं, बाहेर सदतीस-अडतीस अंश असताना. त्या दोघी म्हणजे नवी सून आणि तिची आई. बाकीचे झाडाखाली पत्ते खेळत असतात. असल्या सहलीला दोघींपैकी कुणाचीच सहल होत नाही. गावातल्या बचत गटाला किंवा भाकरी करून देणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, साडेअकराला फडक्यात बांधून आणायच्या. भात अडीच किलो. वासाचा हवा असेल तर आजऱ्याचा घनसाळ घ्या, पण तो मऊ होतो, पाणी बेतानं. शाकाहाऱ्यांसाठी अर्धा किलो अख्खा मसूर आणि भरली वांगी, आणि हे सर्वांत आधी, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पळीनं. त्यांना पहिल्या पंगतीत बसवा. 'फोडी काढून नुसता रस्सा देतो' असं म्हणायचं नसतं. तोंडी लावायला कांदा दीड किलो, लिंबं वीस.

पाणी माणशी तीन लिटर, वीस लिटरचे चार जार. स्वयंपाकाचं आणि धुण्याचं वेगळं. बर्फाची लादी घ्याल तेव्हा रंग बघा, निळसर झाक असलेला बर्फ खाण्यासाठी नसतो. त्यानं बाटल्या गार करा, ग्लासात टाकू नका. पोचल्या पोचल्या पन्हं द्या: किलोभर कैरीचा उकडलेला गर सहाशे-सातशे ग्रॅम निघतो, त्याला तेवढाच किंवा थोडा जास्त गूळ, वेलची, चिमटीभर मीठ, आणि चार लिटर पाणी. पंचवीस-तीस छोटे ग्लास होतात. सोलकढी नको, आधीच पांढऱ्याच्या नारळाची काळजी आहे. जेवणानंतर मठ्ठा.

लाकूड तीस किलो वाळलेलं, बाभूळ मिळाली तर उत्तम. चूल मांडायची जागा मात्र नीट निवडा. ऊस गेलेल्या रानात पाचट पडलेलं असतं आणि ते मेमध्ये काडेपेटीसारखं पेटतं. चुलीभोवती दहा-बारा फूट झाडून, पाणी मारून घ्या, दोन भरलेल्या बादल्या हाताशी. दुपारचा वारा उलटा फिरला तर जाळ खाली करा, पातेलं हलवू नका.

विहीर. रान म्हटलं की पोरं पोहायला पळणार, आणि आपल्याकडं पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली पिढी म्हणणार 'सोड रे, काही होत नाही'. पाण्याइतकीच भीती मोटरीची असते. शेतीची लाईट ठरलेल्या वेळेला येते-जाते, आणि बऱ्याच मोटरींना ऑटो स्विच असतो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू होते. केबलचं इन्सुलेशन कुठं उघडं असेल तर पाण्यात करंट उतरतो. कुणी उतरण्याआधी मालकाला सांगून मेन स्विच पाडा आणि पेटीचे फ्यूज काढून खिशात ठेवा. नुसतं 'बंद आहे' यावर विश्वास नको. पोहणं जेवणाआधी, दहा ते अकरा, काठावर पोहता येणारं एक मोठं माणूस आणि जाड दोर. जेवल्यावर नाही, आणि कुणी घेतली असेल तर अजिबात नाही. (घरची मोठी माणसं असलेल्या बेतात बाटली आणूच नये, हे माझं मत, परतीच्या गाड्या कोण चालवणार हा प्रश्नही त्यात सुटतो.)

आभाळ भरलं तर: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. तीस सेकंदांच्या आत आला तर सगळे घरात किंवा काचा लावून गाडीत. आंब्याखाली नाही, ताडपत्रीखाली नाही, नुसत्या पत्र्याच्या उघड्या शेडमध्येही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलेलं 'दामिनी' ॲप आसपास वीज पडतेय का ते दाखवतं, दोघांपैकी एकाच्या फोनमध्ये असू द्या. ताडपत्री उन्हासाठी बांधाल ती एका बाजूला उतार देऊन. सपाट ताणली की मधे पाण्याची पोटली होते आणि ती नेमकी पंगतीवर फुटते. गाठ ओढून सुटेल अशी मारा.

उरलेलं अन्न. बाहेर बत्तीस अंशांच्या वर असताना शिजलेलं जेवण तासाभराहून जास्त उघड्यावर ठेवू नये. पांढरा उरला तर दुसऱ्या पंगतीतच संपवा, डब्यात भरून कुणाला देऊ नका, घरी पोचेपर्यंत आंबतो. तांबडा आणि सुकं खळखळून उकळून, पसरट भांड्यात निववून, बर्फाच्या खोक्यातून न्या आणि रात्रीच संपवा. भात तिथंच द्या.

निघताना चुलीवर पाणी ओतून 'विझली' म्हणू नका. वरची राख ओली होते आणि आत निखारा तसाच असतो. ओता, काठीनं उकरा, वाफ येईल, पुन्हा ओता, हाताची पाठ वर धरून ऊब लागत नाही ना बघा, मग माती ओढा. वळीव आला नाही तर रात्री नुसता वारा सुटतो, आणि शेजारच्या बांधापर्यंत पाचट असतं.